चेंबरचं पॅकिंग

तर झालं असं, की डोंबिवलीच्या सोसायटीतून बाबांना एक पत्र आलं. "आपल्या वाहनातून तेलगळती होत असून पार्किंगची फरशी खराब होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही करावी." सोसायटीच्या पत्रात सगळ्यांना 'कार्यवाही'च का करायला लावतात देव जाणे. बाबांनी फोनवर मला ते पूर्ण वाचून दाखवलं, 'कळावे'सकट.

वाहन म्हणजे आमची प्रीमियर पद्मिनी. १९९६ ची, ठाण्याच्या नंबरची. तेव्हा सगळं जग मारुती घेत होतं आणि बाबांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून ही घेतली. "पत्रा बघ हिचा," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. शिवाय 'प्रीमियर' हे नाव डोंबिवलीकरांना घरचं. पद्मिनी बनायची कुर्ल्याला, पण कंपनीचा एक कारखाना आमच्या इथे कल्याण-शीळ रस्त्यावर होता. नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो ३०९ बनायला लागली, तेव्हा गावभर केवढं कौतुक. चार-पाच वर्षांत ते सगळं बंदही पडलं.

पत्र आलं तेव्हा मी घोडबंदर रोडवरच्या माझ्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपपुढे बसून एका प्रॉडक्शन बगशी झटापट करत होतो. वैतागलेला होतो. म्हटलं, "बाबा, २०२६ मध्ये नोंदणी संपतेय. २०२२ मध्ये ६०० ची फी ५,००० झाली, आता २० वर्षांवरच्या गाडीला १०,००० आहे. तुम्ही तर चालवतही नाही. भंगारात देऊन टाकू."

बाबा म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

वर्षभरापूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला, तेव्हा डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी खाली जाऊन दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, काचा पुसायच्या आणि वर यायचं, एवढंच उरलं होतं. ते "बरं" मला दोन दिवस टोचत राहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "चेंबरचं पॅकिंग बदलून बघू. मग काय ते ठरव."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : इंजिनाच्या तळाला तेल साठवणारी पत्र्याची परात असते, तिला गॅरेजवाले चेंबर म्हणतात. परात आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाच्या, म्हणजे कॉर्कच्या, पट्टीचं पॅकिंग असतं. वर्षानुवर्षं इंजिन तापून थंड होत राहिलं की कॉर्क सुकतं, कडक होतं, आक्रसतं आणि तेल वाट काढतं.

पण गळतंय तिथेच भोक आहे असं समजणं हा नवशिक्यांचा खेळ. (हे मला कळायला हवं होतं. एरर जिथे दिसते तिथेच बग असतो असं मानणाऱ्या फ्रेशर्सना मी रोज ओरडतो.) तेल वरून कुठूनही ओघळून खाली येतं. वरचं टॅपेट कव्हर गळत असलं तरी थेंब चेंबरच्याच टोकाला लटकतो. बाबांचे जुने मेकॅनिक काका आता गाडीखाली शिरत नाहीत, पण फोनवर हजर असतात. ते म्हणाले, "आधी धू. मग पावडर मार. मग चालव. मग बोल."

पहिल्या शनिवारी एवढंच केलं. रॉकेलच्या फडक्याने खालून सगळं पुसलं, वाळू दिलं, आईच्या डब्यातली टाल्कम पावडर फासली आणि मानपाड्यापर्यंत जाऊन आलो. बाबा शेजारच्या सीटवर. गाडीत ते शेजारी बसलेत आणि मी चालवतोय, हे बहुधा पहिल्यांदाच. जाऊन येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पण मी गिअर टाकला की त्यांचा डावा पाय क्लच दाबायचा.

परत येऊन टॉर्च मारला. टॅपेट कव्हरखाली पावडर कोरडी, चेंबरच्या मागच्या अर्ध्या कडेला ओला पट्टा. आरोपी सापडला. काकांनी अजून एक विचारलं, "ब्रीदर बघितला का?" नव्हता बघितला. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा गॅस चेंबरमध्ये उतरतोच, तो बाहेर पडायला ब्रीदरची नळी असते. ती तुंबली की आत दाब वाढतो आणि तो तेलाला कमकुवत जागेतून बाहेर ढकलतो. आमची नळी काळ्या चिकट गाळाने अर्धी बंद होती. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर सहा महिन्यांत पुन्हा तेच झालं असतं.

मधल्या आठवड्यात कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाऊन पॅकिंग शोधलं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. टॅक्स्या होत्या तोवर हिचे पार्ट कुठेही मिळायचे. आता चौथ्या दुकानात, वरच्या फळीवरून, धूळ झटकून मिळालं.

दुसऱ्या शनिवारी खरं काम. गाडी पुढून उचलून घोड्यांवर ठेवली (नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका मंडळी, कितीही घाई असू दे). इंजिन थोडं गरम करून तेल काढलं आणि ते डब्यात भरून ठेवलं, नंतर गॅरेजला द्यायला. मग पाठीवर पडून एकेक बोल्ट. बाबा प्लास्टिकच्या स्टुलावर बसून हातात बोल्टांची वाटी धरून मोजत होते. हाताच्या कंपाने बोल्ट वाटीत किणकिण वाजत होते. आम्ही दोघांनीही ते ऐकू येत नसल्यासारखं केलं.

चेंबर चिकटून बसला होता. मी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणार तेवढ्यात वरून आवाज आला, "पत्रा वाकेल! रबरी हातोडीने ठोक कडेने." ठोकला, निघाला.

आणि मग दिसलं. चेंबरची कड प्रत्येक बोल्टपाशी वर वाकली होती, बशीसारखी. बोल्टखाली कॉर्क चुरडलेलं आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट. वर्षानुवर्षं कोणीतरी थेंब दिसला की बोल्ट आवळले होते, पुन्हा दिसला की अजून आवळले होते. जितकं आवळावं तितका पत्रा वाकणार, जितका वाकणार तितकं गळणार.

बाबांनी तो चेंबर बराच वेळ मांडीवर धरला. मग म्हणाले, "हे मीच केलंय."

मी काहीच बोललो नाही. माझ्या डोक्यात ते फोनवरचं "भंगारात देऊन टाकू" होतं. पाना माझ्याही हातात असतोच की.

कड सपाट करायला लाकडाचा ठोकळा खाली धरायचा आणि हातोडीने हलके ठोके द्यायचे. ठोके मी देत होतो, पण कुठे द्यायचे ते बाबा सांगत होते. डोळे मिटून अंगठा कडेवरून फिरवायचे. "इथे अजून आहे. इथे. हां, बसलं." माझ्या डोळ्यांना सरळ दिसणारी कड त्यांच्या अंगठ्याला वाकडी लागायची. दर वेळी त्यांचंच बरोबर निघालं.

नवं पॅकिंग लावायला घेतलं तर भोकं जुळेनात, पाव इंच आखूड. एवढ्या वर्षांत फळीवर सुकलेलं. मी हताश. पुन्हा काका : "अरे पाण्यात टाक अर्धा तास. बूच आहे ते, फुगेल." आईच्या कपड्यांच्या टबात टाकलं, चहा झाला, बाहेर काढलं तर बरोब्बर जुळलं! मग चेंबरच्या कडेला शेलॅकचा पातळ हात, त्यावर पॅकिंग, आणि बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, आलटून पालटून, थोडे थोडे. "पाना जवळ धर, टोकाला धरू नकोस," बाबा म्हणाले. "जोर लागायला नको." शेवटच्या फेरीला माझा हात आपोआप अजून एक पीळ द्यायला गेला. बाबांनी फक्त "बास" म्हटलं.

रात्रभर वाळू दिलं. रविवारी सकाळी नवं तेल भरलं, इंजिन चालू केलं, खाली जुना पेपर पसरला आणि ठाण्याची लोकल पकडली.

सोमवारी ऑफिसात स्टँडअप चालू असताना बाबांनी फोटो पाठवला. कोरडा पेपर. अगदी कोपऱ्यात एक थेंब होता, पण तो गिअरबॉक्सचा निघाला. तो पुढच्या भागात :)

संध्याकाळी फोन केला. म्हटलं, "बाबा, फी भरून टाकू. अजून पाच वर्षं निघतील."

ते म्हणाले, "विकलीस तरी चालेल रे आता. गळकी द्यायची नव्हती, एवढंच."

असो. फिटनेससाठी गाडी मी स्वतः घेऊन जाणार आहे. बाबा शेजारी बसायला तयार आहेत.