वकट, लेंड, मूंड

विटीदांडूत विटी लांब गेली की अंतर दांडूनं मोजायचं, पण मोजायचे आकडे शाळेतले नसतात. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वई, झकू अशी सातांची फेरी, ती संपली की पुन्हा वकट. मोजणी ज्या शब्दावर थांबेल त्यावरून पुढचा टोला कसा मारायचा ते ठरतं. कधी पायाच्या चवड्यावरून, कधी मुठीवरून, कधी डोळ्यावरून. शब्द आणि रीत गावागणिक थोडी बदलते. अंतर 37 दांडू भरलं, तर ते 37 खेळणाऱ्याच्या फारसे कामाचे नसतात. सातांच्या पाच फेऱ्या होऊन वर दोन उरले, म्हणजे लेंड, एवढंच त्याला हवं असतं. वहीत आपण भागाकाराची बाकी तळाशी लिहून विसरून जातो. इथं पुढची सगळी चाल त्या बाकीवर अवलंबून असते, आणि मोजणीत कुणी लबाडी केली की दहा पोरं एकदम ओरडतात.

खेड्यातल्या मुलांसाठी शैक्षणिक खेळ तयार करण्याचं काम मी करते. नवा खेळ समोर आला की मी आधी हेच बघते: यातलं गणित काढून घेतलं तर खेळ उरतो का? विटीदांडू उरणार नाही. आपण शाळांना देतो त्यांतले बहुतेक खेळ मात्र छान उरतात. सापशिडीच्या पटावर प्रश्नांची कार्डं ठेवलेली असतात. उत्तर बरोबर आलं तर दोन घरं पुढं, चुकलं तर मागं. कार्डं काढा, सापशिडी सुरूच राहते. मुलांना हे लगेच कळतं. ती कार्ड भराभर उरकून फाशाकडे वळतात.

मग खेळ ‘स्थानिक’ करण्यासाठी त्याच पटाला वारली चित्रांची किनार लावली जाते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लग्नात तांदळाच्या पिठानं भिंतीवर देवचौक लिहितात. त्या चित्राला तिथं काळवेळ आहे, विधी आहे. तेच चित्र गुणाकाराच्या पटाच्या कडेला छापून त्या मुलांच्या आयुष्यातलं काय खेळात आलं? माझं मत ठाम आहे: गावाची संस्कृती खेळात येते ती नियमातून. चित्र कुणाचंही चालेल.

याच भागात ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरीची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे, माती हीच साधनं झाली. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा. या दोघींचं मोठेपण मला साधनांच्या स्वस्ताईपेक्षा त्यांच्या नजरेत दिसतं. मूल दिवसभर काय करतं ते त्यांनी आधी पाहिलं, शिकवायला नंतर बसल्या.

पाच सागरगोट्यांचा डाव तसा पाहावा. एक वर उडवायचा आणि तो खाली यायच्या आत उरलेले चार उचलायचे: आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. चाराची फोड मुलीच्या बोटांत बसलेली असते. शिक्षकानं फक्त विचारायचं, एक फोड राहिली, ती कोणती? दोन, एक आणि एक. मुली तिचाही डाव करतात, तिला नाव देतात.

अपूर्णांकांसाठी आम्ही मापांचा खेळ केला. चिपटं, मापटं, शेर, पायली ही मापं गावातल्या घरांतूनच गोळा केली आणि भाताऐवजी वाळू घेतली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. फाशावर चिपटं, मापटं, शेर लिहिलेले. ज्याची पायली नेमकी भरेल तो जिंकला. पाऊण शेर हवा असताना शेर पडला, तर उरलेलं चिपटं शेजाऱ्याला उसनं द्यायचं, आणि कमी पडलं तर मागायचं. परत देताना माप सपाट चालणार नाही, शिगोशीग भरून द्यायचं, हा नियम मुलांनी घातला. त्यांच्या घरात तसंच चालतं.

पुढचा नियम शाळेच्या ओट्यावर बसून बघणाऱ्या एका आजोबांनी सांगितला. सावकाराकडून पावसाळ्यात खावटी आणली, तर सुगीला दिढीनं फेडायची. एक पायली नेली की दीड पायली द्यायची. नाही जमलं तर पुढच्या साली दिडाची दिढी, सव्वादोन. मुलांनी वाळू घेऊन मोजलं. तिसऱ्या सालाला तीन पायल्या, एक शेर आणि एक मापटं. खेळात कुणाचीच पायली भरेना. सगळे सावकाराचे देणेकरी झाले.

काही शिक्षकांना हे नको वाटलं. लहान मुलांच्या खेळात कर्ज कशाला, सणवार घ्या, पिकं घ्या. त्यांच्या मनातली काळजी मला समजते, तरी मी तो नियम ठेवला. ज्या साली बोर्डीला बालवाडी सुरू झाली त्याच 1945 साली, याच भागात, वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये त्याची हकिगत आहे. नाच आणि सण हा गावाचा वारसा, आणि दिढी नाही, असं कसं म्हणता येईल? सावकार दीड पटीनं का घेत होता, हा प्रश्न मुलांनी त्या दिवशी आजोबांनाच विचारला. दीडपट त्यांना त्यामुळं जितकी कळली, तितकी मला कोणत्याही कार्डावरून शिकवता आली नसती.

जुनं म्हणून सगळंच डोक्यावर घेऊ नये. सागरगोटे मुलींचे आणि विटीदांडू मुलांचा ही वाटणी गावानंच केली, आणि कोण कुणाबरोबर खेळणार हे पूर्वी जातीवरून ठरे. खेळ शाळेत आणताना ही वाटणी मोडायलाच हवी. त्यासाठी परवानगी मागत बसू नये.

2020 च्या शैक्षणिक धोरणानं स्थानिक खेळ-खेळण्यांतून शिकण्याचा आग्रह धरला. 2023 साली लहान मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ ही खेळ-साधनांची पेटी आली. पेट्या गावोगाव जातील, पण दोनशे घरांच्या पाड्यावर झकू आला की काय करायचं हे पेटीत कुणी घालू शकणार नाही. ते माहीत असणारी माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांना एक दिवस जवळच्या शाळेत घेऊन जा, आणि त्यांच्या खेळाचे नियम मुलांसमोर, खेळून दाखवत, त्यांनाच सांगू द्या.