प्रश्न विचारणाऱ्या आया

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात आणि ससून रुग्णालयात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या साथीनं एचआयव्हीवर संशोधन सुरू होतं, त्या काळात मी तिथे समुपदेशक म्हणून काम केलं. पगार संस्थेनं दिला. काम शिकवलं ते तिथल्या एका सिस्टरांनी आणि समोर बसणाऱ्या गरोदर बायांनी.

त्या वेळी एचआयव्ही असलेल्या आईला बाळंतपणात आणि बाळाला जन्मानंतर नेव्हिरापिनचा एकेक डोस देत. पण बाळ पुढे अंगावर पिणार, आणि दुधातूनही लागण होते. वरचं दूध परवडत नसे. परवडलं तरी पाण्याचा भरवसा नसे, जुलाबानं बाळ हातचं जाई. मग तेच औषध सहा आठवडे रोज पाजलं तर? भारत, इथिओपिया आणि युगांडा इथे याची चाचणी झाली. भारतातलं केंद्र आमचं.

सिस्टर म्हणायच्या, "संमतिपत्र वाचून झालं ना, आता तिच्या तोंडून ऐक, तिला काय कळलं ते. घाईनं अंगठा घेऊ नकोस." ही शिस्त मी पुढे कुठेच सोडली नाही.

एकदा सातव्या महिन्यातली एक बाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे ताई, कुणाला एक डोस आन्‌ कुणाला सहा आठवडे, हे चिठ्ठ्या टाकल्यागत ठरनार? मग एकच डोस मिळाला त्या लेकराचं काय?" मी सांगितलं, तो डोस आज सगळ्यांना मिळतो तोच आहे, जास्तीचा उपयोग होतो का हे अजून कुणालाच माहीत नाही, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी इथले उपचार थांबणार नाहीत. तिनं घरी जाऊन विचार केला, आठवड्यानं आली, सही केली. पुढे ती सासूसमोर औषधाची बाटली 'टॉनिक' म्हणून काढायची, आणि एकही तारीख चुकवायची नाही.

2008 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. रोज औषध घेतलेल्या बाळांमध्ये सहा आठवड्यांपर्यंतची लागण जवळपास निम्म्यावर आली होती. सहा महिन्यांनी मात्र दोन्ही गटांतला फरक ठामपणे सांगण्याइतका उरला नव्हता. औषध थांबलं, दूध चालूच राहिलं. त्यातून पुढची दिशा कळली: स्तनपान चालू असेपर्यंत संरक्षण हवं, बाळाला किंवा आईला. इतर देशांतल्या चाचण्यांनीही तेच दाखवलं, आणि 2010 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत ते आलं.

आज एचआयव्ही असलेली आई स्वतःची औषधं नियमित घेत बाळाला पाजू शकते. त्यामागे या बायांनी दिलेलं रक्त आणि वेळ आहे. ते फेडायची सोय माझ्याकडे नाही. तुमच्यापुढे कधी संमतिपत्र आलं, तर त्या बाईसारखे प्रश्न विचारा, समाधान झाल्याशिवाय सही करू नका.