वीस बाटल्या

2011 च्या दिवाळीआधी डोळखांबला आमची भातकापणी चालू होती. आईने भारा उचलला आणि खालच्या घोणसाने तिच्या घोट्याला दंश केला. आम्ही तिला आधी भगताकडे नेलं. तिथे दीड तास गेला. तो दीड तास मला अजून सलतो.

मग जीपने शहापूर गाठलं. डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत तिचं रक्त घेऊन ठेवलं आणि वीस मिनिटांनी नळी तिरकी केली. गोठायला हवं होतं ते रक्त पाण्यासारखं वाहिलं. हिरड्यांतूनही रक्त यायला लागलं होतं. सलाईनमधून दहा बाटल्या लस दिली. सहा तासांनी नळीतलं रक्त पुन्हा पातळच निघालं, म्हणून आणखी दहा. मध्येच तिला हुडहुडी भरली, अंगावर गांधी उठल्या. नर्सबाई म्हणाल्या, "घोड्याच्या रक्तातली लस आहे, सगळ्यांना सोसत नाही." त्यांनी एक इंजेक्शन दिलं, थोडं थांबून लस परत सुरू केली. आई वाचली.

पुढच्या वर्षी मला नोकरी लागली ती नेमकी सापाची लस बनवणाऱ्या एका कारखान्यात, प्राणीघरात मदतनीस म्हणून. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, उंदरांची वजनं घ्यायची. लस कशी होते ते मला तिथे कळलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं. आपल्या कातकऱ्यांसारखेच तेही साप-उंदरांचा माग काढण्यात पटाईत. ते विष घोड्याला अगदी थोडं थोडं, वाढवत टोचतात. घोड्याचं शरीर त्याच्याशी झुंजायला शिकलं की मानेच्या शिरेतून रक्त काढतात, आणि लस त्या रक्तातून निघते.

घोड्यांचं मी समजू शकलो. रक्त गेलं तरी घोडा उभा असतो, खातो. टोचलेल्या जागी गाठी येतात, तो त्रास आहेच. पण उंदरांचं काही मनाला पटेना.

लस कामाची आहे की नाही हे पांढऱ्या उंदरांवर बघतात. अठरा ते वीस ग्रॅमचा उंदीर, मुठीत धरला तर नुसती ऊब लागते. विष आणि लस एकत्र करून शेपटीच्या शिरेत देतात. काही गटांना लस जास्त, काहींना कमी. दुसऱ्या दिवशी किती जगले ते मोजायचं. निम्मे उंदीर वाचतील एवढी मात्रा शोधायची असते, म्हणजे निम्मे मरणार हे आधीच धरलेलं. सकाळी पिंजरे उघडून मेलेले वेगळे काढणं माझ्याकडे होतं. अंगावरचे केस फिस्कारून कोपऱ्यात बसलेले उंदीर मरणाऱ्यांत जातील हे मला रात्रीच कळायचं. मी घरी कोणाला सांगत नसे.

2014 साली आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्या प्राण्यांवर करायला बंदी आली. पेपरात वाचलं तेव्हा मला खूप बरं वाटलं. शाम्पू डोळ्याला झोंबतो का हे बघायला सशाच्या डोळ्यात थेंब टाकायचे, ते मला कधीच पटलं नसतं. पण त्याच संध्याकाळी मी उंदरांच्या पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या लावत होतो. माझ्या आईला दिलेली प्रत्येक बाटली अशाच पिंजऱ्यांतून पास होऊन आली होती. हे थांबवा असं म्हणायला माझी जीभ रेटेना, आणि ठीक आहे असंही म्हणवेना.

उंदरांऐवजी काचेच्या नळीत, पेशींवर ही तपासणी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. 2023 मध्ये नव्या औषधांच्या चाचणीचे नियम बदलून प्राण्यांशिवायच्या पद्धतींनाही मान्यता मिळाली. ते काम लवकर व्हावं असं मला मनापासून वाटतं.

2016 ला मी नोकरी सोडून गावी आलो. एकदा आईला सगळं सांगितलं. कणगीजवळ उंदरांसाठी पिंजरा लावणारी बाई ती, पण बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्यासाठी किती मेलं?"

मला आकडा सांगता आला नाही. एका घाण्याची तपासणी हजारो बाटल्यांसाठी असते, असं काहीतरी म्हणालो. तिने ऐकून घेतलं नाही. "आधीच दवाखान्यात नेली असतीस तर वीस लागल्या नसत्या," म्हणाली. कदाचित खरं असेल.

तेव्हापासून कापणीच्या आधी मी पाड्यापाड्यावर जातो. गमबूट घाला, भारा काठीने हलवून मग उचला, चावलंच तर भगत नको, थेट दवाखाना. लोक म्हणतात, चिखलात बूट रुततात, गरम होतं. मी बोलत राहतो. यंदा आमच्या पाड्यावर अकरा जणांनी बूट घेतले. आईने पहिल्या दिवसापासून घातले. संध्याकाळी ते धुऊन ती पडवीत उलटे ठेवते, आत विंचू शिरू नये म्हणून.