काळं पाऊच

आमच्या विंगमध्ये प्रत्येकाला एकेक खूळ आहे. कुणी शूज जमवतो, कुणी बॅकलॉग. मी गेम्स जमवतो, आणि तेही सीडी-डीव्हीडीवरचे. लॅपटॉपला ड्राइव्ह नसताना! बाहेरून लावायचा ड्राइव्ह मेसच्या रिबेटमधून घेतला, हे घरी कळवू नये ही रेक्टर सरांना नम्र विनंती.

जमवण्याचे माझे नियम आहेत. डिस्क आधी उजेडात धरून बघायची. मधून कडेकडे गेलेला ओरखडा एक वेळ चालतो, पण ट्रॅकबरोबर गोल गेलेला असेल तर परत द्यायची. पुसायची तीही मधून बाहेर. गोल गोल पुसणाऱ्याच्या हातात मी डिस्क देत नाही (रूम नंबर लिहीत नाही, त्याला कळलंय). आणि सीडीची जास्त जपायची बाजू चकचकीत नव्हे, नाव छापलेली. डेटाचा थर तिथेच, लॅकरच्या पातळ पापुद्र्याखाली असतो.

दुसरं, सर्व्हरवाचून न चालणारा गेम घ्यायचा नाही. २०१४ चा 'द क्रू' आठवा. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्याकडे डबा, डिस्क सगळं होतं त्यांच्याकडे नुसतं प्लास्टिक उरलं.

तिसरा नियम: फक्त ओरिजिनल. हा मला महागात पडला.

आमच्या दादाचं (चुलतभाऊ, पण राहायचो एकत्रच) एक काळं पाऊच होतं. चाळीस सीड्या, बहुतेक मोझर बेअरच्या, मित्रांकडून राईट करून आणलेल्या. वर मार्करने त्याचं तिरकं अक्षर. 'व्हाइस सिटी १'. 'व्हाइस सिटी २'. 'एज ऑफ एम्पायर्स २', आणि त्याखाली बारीक अक्षरात, मोटार मिळवायचा तो 'हाऊ डू यू टर्न धिस ऑन' चीटकोड. 'मोस्ट वाँटेड' खेळताना तो मला शेजारी स्टुलावर बसवायचा. मी पाच वर्षांचा. माझ्याकडे एकच काम, त्याने ओरडलं की स्पेसबार दाबायचा. हँडब्रेक! गाडी भिंतीवर गेली की चूक माझी.

फर्स्ट इयरनंतरच्या सुट्टीत घरी साफसफाई निघाली. मी तेव्हा नुकताच 'कलेक्टर' झालो होतो. पायरेटेड माल म्हणून पाऊच रद्दीबरोबर भंगारवाल्याला दिलं. वर आईला तत्त्वज्ञानही ऐकवलं.

दिवाळीला दादा आला. चकली खाता खाता म्हणाला, "अरे, माझं ते काळं पाऊच कुठंय?"

"दिलं टाकून. सगळ्या पायरेटेडच होत्या ना."

"हो रे, होत्याच," म्हणाला आणि दुसरी चकली घेतली. पुढे काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

नियम मोडीत काढलेला नाही. पायरेटेड आजही विकत घेत नाही. पण हाताने नाव लिहिलेली डिस्क माझ्या हातून आता टाकली जात नाही, वाचली जात नसली तरी.

आणि एक वही केली आहे. त्या चाळीसमध्ये काय काय होतं, ते दादाला विचारून लिहून काढतोय. मार्चपर्यंत सतरा नावं झाली होती. काल रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, "रोड रॅश पण होता रे."

अठरा.