खटला सरकारचा, दावा तुझा

चि. सुमन हिस,


तुझे सासरे फोनवर म्हणाले, "उमरग्याचा खटला निकाली लागू दे, मग भरपाईचं बघू." असं अजिबात करू नका.

तुझा नवरा ज्या अपघातात गेला त्यावरून ट्रक ड्रायव्हरवर उमरग्यात चाललाय तो सरकारचा खटला, त्यात तू फक्त साक्षीदार. लेकरांसाठी मागायचं ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे. अपघात महाराष्ट्रात झाला तरी तू कर्नाटकात, बिदर जिल्ह्यातल्या निर्ण्यात राहतेस, म्हणून दावा बिदरला चालतो. मात्र कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे, आणि फौजदारी निकालाला वर्षं लागतात.

ड्रायव्हर सुटला तर सगळं बुडालं, ही भीती मनातून काढ. फौजदारीत गुन्हा निःसंशय शाबीत व्हावा लागतो. दाव्यात निष्काळजीपणा झाल्याचा संभव जास्त दिसला तरी पुरतं. तमिळनाडूत रात्री एक बस लोंबकळत्या वीजतारेला धडकून आठ माणसं जागीच गेली. ही दैवी आपत्ती म्हणून ड्रायव्हर निर्दोष सुटला. तरी 1980 साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी भरपाई कायम ठेवली.

पण खटल्याचे कागद सोडू नकोस. फिर्याद, पंचनामा, पीएम रिपोर्ट, दोषारोपपत्र, सगळ्यांच्या नकला काढ. पंचनामा स्वतः वाच: टायर घासल्याच्या खुणा रस्त्याच्या कुठल्या बाजूला लिहिल्यात, मोटारसायकल कुठे पडलेली दाखवलीय. दावा तिथेच उभा राहतो किंवा पडतो. कागद मराठीत आहेत. बिदरसाठी भाषांतर आताच करून घ्या.

आणि ट्रकमालकाचा माणूस रोख रक्कम घेऊन येतोय, हे ऐकून माझा जीव खाली-वर होतोय. त्याच्या स्टॅम्पपेपरवर सही करू नकोस, सासूबाईंचा अंगठाही नको. "चूक आमच्याच माणसाची" एवढी एक ओळ त्यात असली की विमा कंपनी तीच पुढे करील. निष्काळजीपणाने मृत्यू हा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाहीच, त्यामुळे तो काय मिटवायला निघालाय ते ओळख.

वकिलाच्या फीची काळजी नको. 1987 च्या कायद्याने कुठल्याही बाईला मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दे. भरपाईच्या दाव्यात अर्जदार म्हणून सासूबाईंचंही नाव घाल, मुलाच्या कमाईवर त्यांचाही हक्क होता. ट्रॅक्टरच्या भाड्याची त्याची वही कुणाच्या हाती देऊ नकोस. कमाईचा तेवढाच लेखी पुरावा आहे.

तुझा
मामा