देखाव्यात माणूस हरवू नये

लग्नातल्या जेवणाची चव आठवडाभर तोंडात राहते, फोटो मात्र नातवंडांपर्यंत पोचतो. म्हणून फोटो कुठे काढावा, हा प्रश्न वाटतो तेवढा हलका नाही. आपली मुलेमुली शिकून आता दूरदेशी जाऊ लागली आहेत. आयर्लंडसारख्या छोट्या देशातही भारतातून गेलेल्या परिचारिका आणि संगणकावर काम करणारी मुले बरीच आहेत. तो देश फोटोसाठी नावाजलेला. तेव्हा तिथल्या जागांविषयी चार गोष्टी वाचकांना सांगाव्यात, असे आम्हाला वाटले.

आमची भाची डब्लिनच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. लग्न इकडेच झाले होते. पुढच्या जूनमध्ये तिची आई, म्हणजे आमची आक्का, आणि आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा लग्नातलीच पांढरी साडी नेसून सगळ्यांसोबत फोटो काढायचे ठरले. जागा निवडण्याचे काम आमच्याकडे आले. खर्च बेताचा होता, आक्काचे गुडघे दुखरे होते आणि तिच्याशिवाय फोटो काढायचा नाही, हे भाचीने आधीच बजावले होते.

पहिला विचार उजेडाचा. आयर्लंड बरेच उत्तरेला असल्याने जूनमध्ये डब्लिनला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरात सव्वाचारच्या आतच बुडतो. हिवाळ्यात फोटो काढायचे तर दुपारीच आटोपावे लागतात. पाऊस तर पाचवीलाच पुजलेला. पश्चिमेच्या काही भागांत वर्षातून सुमारे २२५ दिवस पाऊस होतो, पूर्व किनाऱ्याला सुमारे १५० दिवस. आपल्याकडे आभाळ भरून आले की फोटोवाला कपाळाला हात लावतो. पण ढगातून गाळून आलेला उजेड फोटोला फार चांगला. डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत. भर उन्हात पांढरी साडी नुसती चकाकते आणि आपले सावळे चेहरे तिच्यापुढे काळवंडतात. ढगाळ दिवशी साडीचा काठही दिसतो आणि चेहराही.

दुसरा विचार वाऱ्याचा. भाचीच्या यादीत पहिले नाव मोहरच्या कड्यांचे होते. पश्चिम किनाऱ्यावर अटलांटिक समुद्रात सरळ उतरलेले हे कडे सर्वांत उंच ठिकाणी २१४ मीटर आहेत. कॅलेंडरवर शोभावा असाच देखावा. पण तिथे वारा असा की पदर सावरावा की तोल, हे कळू नये. कडा ठिसूळ आहे. अपघातांमुळे २०२४ साली कड्यालगतच्या पायवाटेचा बराच भाग बंद करावा लागला. चांगल्या फोटोसाठी एक पाऊल मागे सरका, असे कुणी म्हटले तरी सरकू नये. शिवाय डब्लिनहून जाता-येता सहा-सात तासांचा प्रवास. आक्काला ते झेपले नसते. ते नाव आम्ही खोडले.

तिसरा विचार जागेच्या इतिहासाचा. यादीत मेयो परगण्यातली डूलॉ नावाची दरी होती. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये काळेशार तळे, वस्ती नाही. पण ही निर्जनता कुठून आली? १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजले आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली, तितकीच देश सोडून गेली. मार्च १८४९ मध्ये लुईसबर्ग गावच्या भुकेल्या लोकांना हुकूम झाला, की तपासणीसाठी डेल्फी लॉजवर हजर व्हा, नाहीतर मदत बंद. सुमारे १९ किलोमीटर ही माणसे गारठ्यात चालत गेली. त्यांतली कित्येक वाटेतच मेली. रस्त्याकडेला आज त्यांच्या स्मरणार्थ दगडी क्रूस उभा आहे. अशा जागी फोटो काढूच नये, असे आमचे म्हणणे नाही. पण नवरानवरीला ती हकिकत आधी माहीत असावी आणि मग त्यांनी ठरवावे. भाचीने ऐकले आणि म्हणाली, "मामा, तिथे आपण नुसते जाऊन येऊ कधीतरी. कॅमेरा नको."

मग आम्ही घराजवळच्या जागा पाहिल्या. डब्लिनच्या मध्यावर सेंट स्टीफन्स ग्रीन ही सुमारे बावीस एकरांची बाग आहे. तळे, बदके, फुलांचे वाफे, सपाट रस्ते आणि जागोजागी बाकडी. आज तिथे कुणीही फुकट जाऊन बसते. पण एकोणिसाव्या शतकात कितीतरी वर्षे ही बाग कुलूपबंद होती आणि किल्ली सभोवतालच्या श्रीमंत घरांकडे असे. गिनेस घराण्यातल्या आर्थर गिनेस यांच्या पुढाकाराने व पैशाने ती १८८० साली सर्वांसाठी खुली झाली. जिथे पूर्वी किल्लीवाल्यांनाच प्रवेश होता, तिथे आक्का बाकावर पाय पसरून बसली होती. तो फोटो आमच्या मते सर्वांत चांगला आला. मात्र धंदेवाईक छायाचित्रकार न्यायचा असेल तर बागेच्या व्यवस्थापनाची परवानगी आधी घ्यावी लागते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी जागा डन लिअरीच्या बंदराचा पूर्व धक्का. डब्लिनहून 'डार्ट' नावाची लोकल थेट तिथे जाते, गाडी भाड्याने घ्यावी लागत नाही. हे बंदर १८१७ साली बांधायला घेतले. जवळच्या डॉकीच्या खाणीतला ग्रॅनाईट फोडून मजुरांनी ते उभे केले. धक्का सव्वा किलोमीटरहून थोडा जास्त लांब आहे. म्हाताऱ्या माणसांनाही सहज चालता येते. मागे राखाडी दगड, पलीकडे समुद्र आणि पुढे पांढरी साडी, हा मेळ छान जमतो.

या शहराच्या दोन जुन्या हकिकती आम्हाला फार बोलक्या वाटतात. विल्यम लॉरेन्स यांचा डब्लिनमध्ये मोठा स्टुडिओ होता. त्यांच्यासाठी रॉबर्ट फ्रेंच यांनी देशभर फिरून देखाव्यांचे हजारो फोटो काढले. १९१६ च्या उठावात दुकान लुटले गेले, जळाले आणि तिथल्या माणसांच्या फोटोंच्या काचा नष्ट झाल्या. देखाव्यांच्या काचा दुसरीकडे ठेवल्या होत्या, त्या वाचल्या. डोंगर, कडे, तळी राहिली, चेहरे गेले.

दुसरी हकिकत आर्थर फील्ड्स यांची. हे गृहस्थ १९३० च्या दशकापासून जवळजवळ पन्नास वर्षे डब्लिनच्या ओ'कॉनेल पुलावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो काढत. कामावरून सुटलेली माणसे, मुलांना घेऊन बाजाराला आलेल्या आया, नवी जोडपी. त्यांनी काचा वा फिल्मा सांभाळून ठेवल्या नाहीत. पण लोकांनी आपापल्या घरी ते फोटो जपले आणि पुढे ते गोळा करून प्रदर्शनही भरले. मागे ना कडा, ना किल्ला, नुसता रहदारीचा पूल. तरी ते घरोघरी का टिकले? कारण त्यांत आपले माणूस होते.

तेव्हा आयर्लंडला असा किंवा आणखी कुठे, जागा निवडताना एवढेच पाहावे. घरातले सर्वांत म्हातारे माणूस तिथे पोचू शकेल का? उजेड चेहऱ्यावर पडेल का? परवानगी आणि परतीची गाडी आहे ना? त्या जागेची हकिकत आपल्याला ठाऊक आहे का? एवढे जमले की छायाचित्रकाराला सांगावे, बाबा, थोडा जवळ ये. डोंगर अर्धाच आला तरी चालेल, आमची आई पूर्ण यायला हवी.