न झालेल्या गोलांचा खेळाडू

हॉकीतला मोठेपणा आपण गोलांनी मोजत आलो. ध्यानचंद म्हटलं की गोल, १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकचा अंतिम सामना म्हटला की बलबीर सिंग यांचे पाच गोल, आणि आमच्या पुण्याकडे तर खडकीच्या धनराज पिल्लेचं नाव निघालं की त्याची ती सुसाट धाव. झालेला गोल रंगवून सांगता येतो. न झालेला गोल कसा रंगवायचा? मी गोलकीपर तयार करायचं काम करतो. तरीही शंकर लक्ष्मण हे नाव माझ्या लेखी बरीच वर्षं जुन्या संघांच्या यादीतलं पहिलं नाव, एवढंच होतं. गोलकीपरचं नाव यादीत आधी लिहितात आणि गप्पांत सगळ्यात शेवटी घेतात.

शंकर लक्ष्मण इंदूरजवळच्या महूचे. जन्म १९३३चा. १९४७ साली ते सैन्यात भरती झाले ते बँड पथकात, आणि १९७९ साली निवृत्त झाले ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे कॅप्टन म्हणून. मधल्या काळात १९५६, १९६० आणि १९६४ अशी तीन ऑलिंपिक ते खेळले. अर्जुन पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली. ही माहिती कुणालाही सापडेल. त्यांचा खेळ मात्र माहितीतून कळत नाही. मला तो कळायला लागला तो माझ्या पोरांमुळे.

आजचा गोलकीपर मैदानात उतरतो तेव्हा त्याच्या अंगावर हेल्मेट, गळ्याचा पट्टा, छातीचं कवच, कोपरांची संरक्षणं, जाड फोमचे पॅड आणि किकर असा सगळा जामानिमा असतो. इतकं असूनही नवा मुलगा शॉर्ट कॉर्नरला मान फिरवतो. त्यात त्याचा दोष नाही. चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा आणि दगडासारखा टणक. डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकापासून गोलपर्यंतचं अंतर १४.६३ मीटर. चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगाने निघाला, तर हे अंतर कापायला त्याला अर्धा सेकंद लागतो. मान फिरवू नकोस, असं शंभरदा सांगूनही ती फिरतेच. पोरांची ही भीती बघता बघता माझ्या मनात आलं, की ज्यांच्याकडे हेल्मेट नव्हतं, छातीचं कवच नव्हतं, त्यांचं काय होत असेल? शंकर लक्ष्मण यांच्या काळात पायांना क्रिकेटसारखे पॅड, बुटांवर किकर आणि हातात मोजे, एवढ्यावरच भागवायचं होतं.

म्हणून मी एकदा जुने कॅनव्हासचे पॅड बांधले आणि गवताच्या मैदानावर उभा राहिलो. एका मुलाला बेताच्या जोराने मारायला सांगितलं. दोन गोष्टी लगेच लक्षात आल्या. पहिली म्हणजे, आजच्या फोमच्या पॅडवर आपटलेला चेंडू लांब उडतो आणि धोका आपोआप टळतो, पण कॅनव्हासच्या पॅडवर तो तिथल्या तिथे मरतो. समोर तीन फुटांवर चेंडू पडलेला आणि प्रतिस्पर्ध्यांचे फॉरवर्ड त्यावर तुटून पडलेले. म्हणजे नुसतं अडवून भागत नाही, त्याच दमात दुसऱ्या पायाने तो बाजूला मारावा लागतो. दुसरी गोष्ट गवताची. कृत्रिम मैदानावर चेंडू सरळ रेषेत येतो, गवतावर तो शेवटच्या हातभर अंतरात उसळतो. तिथे आडवं पडून गोल झाकायचा, तर उघडं तोंड चेंडूच्या वाटेत येणार. तेव्हा उभं राहायचं, डोळे चेंडूवर ठेवायचे आणि पायांनी खेळायचं. शंकर लक्ष्मण असेच खेळले.

उरतो प्रश्न जागेचा. तो मी मुलांना दोरीने समजावतो. गोलच्या दोन्ही खांबांना दोऱ्या बांधायच्या आणि त्या डीच्या टोकाशी ठेवलेल्या चेंडूपाशी आणून जोडायच्या. तयार झालेल्या त्रिकोणात गोलकीपरने उभं राहायचं. गोलरेषेवर त्याला ३.६६ मीटर रुंदी सांभाळायची असते. तो दोन मीटर पुढे आला की रुंदी ३.१६ मीटर होते, चार मीटर पुढे आला की २.६६. दर दोन मीटरला अर्ध्या मीटरची बचत. पण पुढे यावं तशी चेंडू पाहायची वेळही कमी होते, आणि अंगावर कवच नसेल तर पुढे येण्याची किंमत तोंडाने मोजावी लागते. किती पुढे यायचं हे ठरवणं, हे खरं गोलकीपिंग. हेल्मेटशिवाय हा निर्णय ज्याने तीन ऑलिंपिकभर बरोबर घेतला, त्याच्या निकालांकडे या दोरीतून पाहावं लागतं.

निकाल असे. मेलबर्न, १९५६. भारताने स्पर्धेत ३८ गोल केले, खाल्ला एकही नाही. अंतिम सामन्यात कर्णधार बलबीर सिंग मोडलेल्या बोटानिशी खेळत होते आणि रणधीर सिंग जेंटल यांच्या गोलवर आपण पाकिस्तानला १-० असं हरवलं. रोम, १९६०. पुन्हा पाकिस्तान, पुन्हा १-०, या वेळी आपल्याविरुद्ध. नसीर बुंदा यांचा तो गोल. टोकियो, १९६४. तिसऱ्यांदा तोच प्रतिस्पर्धी. पृथीपाल सिंग यांचा शॉर्ट कॉर्नरचा फटका मुनीर दार यांच्या पायाला लागला, पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि मोहिंदर लाल यांनी गोल केला. त्यानंतर बरोबरीसाठी पाकिस्तानने जे हल्ले चढवले, ते शंकर लक्ष्मण यांच्यापाशी येऊन थांबले. १-०. सुवर्ण परत आलं.

आता हे तीन सामने शेजारी ठेवा. ७० मिनिटांचा एक, म्हणजे एकूण २१० मिनिटं. समोर त्या वेळचा जगातला सगळ्यात धारदार हल्ला. त्यात त्यांच्यावर झालेला गोल एक. तीनही सामन्यांत आपल्याकडूनही एकाहून जास्त गोल झाला नाही. याचा अर्थ असा, की मेलबर्नला किंवा टोकियोला एक चेंडू आत गेला असता, तर सामना बरोबरीत आला असता. दोन सुवर्णपदकं आणि बरोबरी यांच्या मध्ये जी जागा होती, तिथे हा माणूस उभा होता. पुढे १९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ते कर्णधार होते. अंतिम सामन्यात समोर पाकिस्तानच, आणि निकाल पुन्हा १-० असा आपल्या बाजूने.

५ ऑगस्ट २०२१ रोजी पुन्हा टोकियोच्याच ऑलिंपिकमध्ये आपला गोलकीपर श्रीजेश याने जर्मनीचा शेवटच्या क्षणीचा शॉर्ट कॉर्नर अडवला, आपण ५-४ असं कांस्य जिंकलं, आणि साऱ्या देशाने गोलच्या आडव्या खांबावर बसलेला श्रीजेश पाहिला. त्याच वर्षी त्याला खेलरत्न मिळालं. हे व्हायलाच हवं होतं. पण त्याची ती झेप आपण टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहिली, म्हणून आपल्याला ती मोठी वाटली, हेही खरं. शंकर लक्ष्मण यांच्या वाट्याला टीव्ही आला नाही. त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. पायाला गँगरीन झालं आणि २९ एप्रिल २००६ रोजी महूमध्येच ते गेले.

ध्यानचंदनंतर भारतीय हॉकीतला सर्वांत मोठा खेळाडू कोण, या वादात बलबीर सिंग, लेस्ली क्लॉडियस, उधम सिंग ही नावं येतात, ती यावीतच. माझ्या मते शंकर लक्ष्मण यांचं नाव त्याच ओळीत आहे, एक पाऊलही मागे नाही.

आणि शाळेच्या मैदानांवर हॉकी शिकवणाऱ्यांना एक विनंती. ज्याला पळता येत नाही त्याला गोलमध्ये उभं करायची आपली रीत आता सोडा. संघातला सगळ्यात चपळ आणि सगळ्यात थंड डोक्याचा मुलगा, सगळ्यात चपळ मुलगी शोधा, आणि पॅड आधी त्यांना बांधा.